बाबांच्या डिमेन्शियाबद्दल सोसायटीत सांगावं का?

मानसी_वर्तकनगर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

बाबा ७७ वर्षांचे. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत नोकरी झाली. गेल्या वर्षी न्यूरोलॉजिस्टनी अल्झायमर असल्याचं सांगितलं, औषधं चालू आहेत. आंघोळ, पूजा, जेवण सगळं स्वतःचं स्वतः करतात. दहा मिनिटं गप्पा मारल्यात तर तुम्हाला कळणारही नाही.

अडचण अशी की आमची जुनी चार मजली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि त्याच जागेवर टॉवर झाला. पत्ता तोच, गेट तिथेच, समोरचा वाणीही तोच. फक्त आम्ही दुसऱ्यावरून अकराव्यावर गेलो. बाबा संध्याकाळी खाली फेरी मारून येतात आणि लिफ्टमध्ये २ दाबतात. दुसरा मजला म्हणजे आता पार्किंग. तिथे उतरून ते डाव्या हाताला वळतात, कारण आमचं दार डाव्या हाताला होतं. तिथे आता इलेक्ट्रिक डक्टचं दार आहे. त्याला चावी लावत उभे राहतात.

परवा कुणीतरी सीसीटीव्हीतला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, 'हे गृहस्थ कोण? गाड्यांच्या मध्ये काय करतायत?' नवीन फ्लॅट घेतलेल्यांना बाबा माहीत नाहीत हे समजू शकते. पण जुने सतरा-अठरा मेंबर ग्रुपवर आहेत, त्यातल्या एकानेही तोंड उघडलं नाही.

दादा म्हणतो, ग्रुपवर सरळ लिहून टाक. आई म्हणते, खबरदार. तिचं म्हणणं, लोक वेड लागलं म्हणतील, आणि धाकट्या भावाचं लग्न जमवतोय, स्थळं परत जातील. तुम्ही काय केलंत किंवा काय कराल?

नेरूळचा_नाना
सांगा. पण ग्रुपवर नाही, आधी वॉचमनला.

माझ्या आईच्या वेळी मी गेटवरच्या केबिनमध्ये, रजिस्टर ठेवतात त्या टेबलाच्या काचेखाली, तिचा फोटो आणि माझा नंबर ठेवला होता. खाली हिंदीत दोन ओळी, कारण आमचे वॉचमन भोजपुरी बोलणारे. 'अम्मा अकेली बाहर जाए तो रोकना नहीं, बातों में लगाना और फ़ोन करना.' रोकलं की ती भांडायची आणि आणखी जोरात चालायची. एजन्सी वॉचमन बदलत राहते, त्यामुळे नवीन माणूस आला की पुन्हा सांगायला लागतं. दिवाळीला त्यांची पोस्त वेगळी द्या.

शिवाय समोरचा वाणी, इस्त्रीवाला आणि नाक्यावरचे रिक्षावाले. यांना सांगितलं की निम्मं काम झालं. सोसायटीच्या कमिटीला शेवटी सांगितलं तरी चालतं.

टवाळखोर
आमच्याकडे नवव्या मजल्यावरच्या काकांना कुठलाही आजार नाही, तरी रोज माझ्याच पार्किंगमध्ये गाडी लावतात. त्यांचा फोटो टाकू का ग्रुपवर?

(मानसी, हलकं घ्या. बाबांना नमस्कार सांगा.)

मेंदूचा_हमाल
याच क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

बाबा २ का दाबतात, ते आधी. अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा सुरुवातीचा मार नवीन आठवणी साठवणाऱ्या भागावर बसतो, त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. चाळीस वर्षं राहिलेलं घर खोलवर मुरलेलं असतं, ते टिकतं. वर्षभरापूर्वीचं घर नीट साठवलंच गेलेलं नाही. 'बाबा, किती वेळा सांगितलं आपण अकराव्यावर राहतो' याला म्हणूनच अर्थ नाही. त्यांच्या दृष्टीने ते पहिल्यांदाच ऐकतायत आणि तुम्ही विनाकारण चिडलेल्या आहात.

दुसरं, डिमेन्शिया हा एकच आजार नाही. अल्झायमर त्यातला सगळ्यांत जास्त आढळणारा. मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होणारा व्हॅस्क्युलर, त्याशिवाय ल्यूई बॉडी आणि फ्रंटोटेम्पोरल असे बाकीचे. बऱ्याच वयस्कर माणसांत दोन प्रकार एकत्र असतात. शिवाय बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यावर कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या, यांनीही माणूस असाच विसरायला लागतो आणि यातल्या पुष्कळ गोष्टींवर इलाज असतो. मानसी, तुमच्याकडे हे तपासलं गेलं असेलच. धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितोय. 'वय झालं' म्हणून घरी बसू नका.

आणि एक लक्षात ठेवा. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी सरकतो. दोन दिवसांत माणूस एकदम बदलला, गुंगीत गेला, भलतंच बडबडायला लागला, तर ते आजार वाढणं नव्हे. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं असलं काहीतरी शोधायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

कळवेकर
आईंच्या भीतीबद्दल. आम्ही ठाणेकर जन्मापासून हे ऐकत आलोय. कुठे गावाला गेलं आणि ठाण्याहून आलो म्हटलं की समोरचा हसणार, 'म्हणजे कंपाउंडच्या आतून की बाहेरून?' आमच्या लग्नात सासरच्या एकाने हा विनोद तीनदा केला. ज्या पिढीला 'जास्त बोललास तर ठाण्याला पाठवीन' म्हणत वाढवलं, तिला ठाण्यातच राहून नवऱ्याच्या मेंदूच्या आजाराचं नाव घ्यायला जड जाणारच. आईंना दोष देऊ नका.

अवांतर: ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं. आणि ज्या बाईंच्या आजारावरून अल्झायमरचं वर्णन झालं त्या ऑगस्टे डेटर फ्रँकफर्टच्या इस्पितळात दाखल झाल्या तेही १९०१ सालीच, वय फक्त ५१. त्या १९०६ मध्ये गेल्या आणि त्याच वर्षी आलोइस अल्झायमरने त्यांच्या मेंदूतल्या खुणा परिषदेत मांडल्या. तेव्हाही बाईंना वेडाच्याच इस्पितळात ठेवलं होतं.

स्पष्टवक्ती
मी नानांशी असहमत. म्हणजे वॉचमनपर्यंत ठीक, त्यापुढे नको.

आमचं घर सीवूड्सला. सासूबाई सोसायटीच्या भजनी मंडळात पेटी वाजवायच्या. आम्ही मोठ्या मनाने सगळ्यांना सांगितलं, माहितीपत्रक वगैरे वाटलं. महिन्याभरात मंडळाचे निरोप यायचे बंद. का, तर 'त्यांना त्रास नको'. पेटी त्यांना पुढे दोन वर्षं उत्तम येत होती! नाव आठवायचं नाही, पण हात बरोबर सुरांवर. आणि लोक त्यांच्यासमोर मला विचारायचे, 'आजींना चहा चालतो का हो?' अहो, त्या बसल्यात ना समोर, त्यांना विचारा. एकदा सासूबाईंनीच सुनावलं, 'चालतो, आणि कानांना ऐकूही येतं.'

सांगितल्याने माणसं जवळ येतात हे पुस्तकी आहे. आमच्याकडे पांगली.

नेरूळचा_नाना
@स्पष्टवक्ती, आजींना दंडवत. पण तुम्ही आजाराचं नाव सांगितलंत, काय करायचं ते सांगितलंत का? नुसतं 'डिमेन्शिया आहे' म्हटलं की लोक घाबरून लांब होतात. 'नाव विसरतील, पेटीला बोलवा, घरी सोडायला कुणीतरी या' असं म्हटलं असतं तर?

स्पष्टवक्ती
तेही सांगितलं होतं, नाना. सगळ्यांच्या सुना काही भजनी मंडळ चालवत नाहीत.

प्राजक्ता_खारघर
दोघांचंही पटतंय. आमच्या सासऱ्यांना विरंगुळा केंद्रातल्या कॅरमवाल्यांनी सांभाळलं. स्ट्रायकर कुणाकडे आहे हे ते विसरायचे, हे चौघं न बोलता त्यांच्या हातात द्यायचे. त्यातल्या एकालाच आम्ही सांगितलं होतं, बाकीच्यांना त्याने त्याच्या पद्धतीने कळवलं. त्यामुळे कुणाला सांगायचं, यापेक्षा कुणाकरवी सांगायचं ते बघा असं वाटतं.

त्यांना आधी कानांचं मशीन लावून घेतलं होतं, त्याचाही फायदा झाला. निम्मा गोंधळ न ऐकू आल्यामुळेच होता.

मेंदूचा_हमाल
+१. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने डिमेन्शियाची जी १४ बदलता येण्याजोगी जोखमीची कारणं दिलीत त्यात ऐकू कमी येणं आहे, आणि त्या वर्षी नजर कमी होणंही आलं. बीपी, शुगर, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), तंबाखू, एकटं पडणं ही बाकीची ओळखीची मंडळी. एकटं पडणं यादीत आहे, हे स्पष्टवक्तींच्या भजनी मंडळाला कुणीतरी कळवा.

लग्नाळू_मध्यस्थ
स्थळांबद्दल विचारायचं राहिलं. हे आनुवंशिक असतं ना? मुलीकडचे विचारणारच.

मेंदूचा_हमाल
सत्तरीनंतर होणारा अल्झायमर बहुतेक वेळा थेट बापाकडून मुलाकडे जात नाही. एपीओई-४ नावाचा जनुक जोखीम वाढवतो, पण तो असलेल्या सगळ्यांना आजार होत नाही आणि नसलेल्यांनाही होतो. थेट वारशाने येणारा प्रकार फार क्वचित, आणि तो सहसा पासष्टीच्या आत, पुष्कळदा चाळिशी-पन्नाशीतच दिसतो. ७६ व्या वर्षी निदान झालेल्या वडिलांमुळे स्थळ परत जात असेल तर बीपी आणि शुगरवाल्या घरांत कुणी मुलगीच देऊ नये.

टवाळखोर
मग महाराष्ट्रात लग्नंच बंद.

ब्राह्मी_भक्त
औषधांपेक्षा ब्राह्मी, शंखपुष्पी आणि सकाळी चमचाभर खोबरेल. माझ्या मावसकाकांना फरक पडला. आणि सुडोकू.

प्राजक्ता_खारघर
सुडोकूने सासरे फक्त चिडले, हो.

मेंदूचा_हमाल
@ब्राह्मी_भक्त, खोबरेल चटणीच्या फोडणीला छान. झालेला अल्झायमर या कशाने मागे फिरतो असा पुरावा नाही, आणि चालू गोळ्यांबरोबर कुठलाही काढा द्यायचा तर डॉक्टरला सांगून द्या. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन यांनीही आजार बरा होत नाही, काहींना काही काळ बरं चालतं इतकंच. डोनेपेझिलने जुलाब, मळमळ होते, कधी नाडी मंदावते. चक्कर आली तर लपवू नका.

लेकानेमॅब नावाच्या इंजेक्शनला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली, त्याचे फॉरवर्ड फिरत असतात. ते अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे, वेग थोडा कमी करतं, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतोय का हे बघायला वरचेवर एमआरआय लागतो.

गॅलरीतली_मैना
माझ्या आईला संध्याकाळी गॅलरीत लहान मुलं दिसायची. दोन मुलगे आणि एक फ्रॉकवाली. ती त्यांच्यासाठी बशीत चिवडा काढून ठेवायची. 'कुणी नाहीये' म्हटलं की रडायची, म्हणून मी म्हणायला लागले, 'खाऊन गेली गं सगळी.' मग बशी उचलू द्यायची. मुलांशी खोटं बोलू नये म्हणणाऱ्या माझ्या नवऱ्याला हे अजिबात पटायचं नाही. पण चिवडा तोच खायचा.

मेंदूचा_हमाल
मैना, स्पष्ट माणसं किंवा मुलं दिसणं, हात थरथरणं, एक दिवस लख्ख आणि एक दिवस धूसर असं असेल तर ल्यूई बॉडीचा विचार होतो. या प्रकारात हॅलोपेरिडॉलसारखी भ्रमावरची औषधं माणसाला पार आडवं करू शकतात. कुठल्याही तातडीच्या विभागात नेलंत तर हे आधी सांगायचं.

निवृत्त_रोखपाल
मुद्दा जरा बाजूचा आहे, पण मानसीताई, तुमचे बाबा अजून सही करतात, म्हणून आत्ताच लिहितो.

काउंटरवर हे फार पाहिलं. मुलं पॉवर ऑफ ॲटर्नी करून निर्धास्त असतात. करार कायदा १८७२, कलम २०१ वाचा. देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की तो अधिकार संपतो. म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हाच कागद निकामी. मग पालकत्वासाठी हायकोर्टाची पायरी चढावी लागते. तेव्हा बँक खातं जॉइंट आणि 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणीही चालवू शकेल असं, नॉमिनेशन सगळीकडे, आणि इच्छापत्र करायचं तर आत्ता, डॉक्टरांच्या दाखल्यासकट. रिडेव्हलपमेंटमध्ये नव्या फ्लॅटचा करार, शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावे आहे तेही बघा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली उपचारांच्या निर्णयासाठी प्रतिनिधी नेमता येतो, तेही बाबांना समजतंय तोवर.

आणि पेन्शन असेल तर दरवर्षीचा हयातीचा दाखला.

घोडबंदर_त्रस्त
मावश्यांबद्दल कुणी बोला रे. ब्यूरोला डिपॉझिट भरलं, मावशी चार दिवस आल्या, पाचव्या दिवशी गावाला. ब्यूरो फोन उचलत नाही. दुसऱ्या मावशी बऱ्या, पण बाबांना वाटतं त्या घरात घुसल्यात. रोज सकाळी त्यांना विचारतात, 'तुम्ही कोणाकडे आलात?'

प्राजक्ता_खारघर
@त्रस्त, मावशींना सांगा की आल्या आल्या कामाला भिडू नका. आमच्याकडच्या मावशी रोज सासऱ्यांसमोर बसून आधी भाजी निवडायच्या आणि त्यांनाच विचारायच्या, 'काका, ही मेथी बरी आहे का हो?' काका मेथीला नावं ठेवायचे, मग त्यांचं जमायचं. आंघोळीची गोष्ट तासाभराने. आणि दिवसाच्या मावशींना अधूनमधून सुट्टी द्या, पैसे न कापता. त्या दमतात. आपणही दमतो, ते कुणी कबूल करत नाही.

मानसी_वर्तकनगर
सगळ्यांचे आभार. एकेक वाचून आईला ऐकवतेय. कंपाउंडच्या आतून की बाहेरून हे वाचून ती चक्क हसली.

झालं ते सांगते. दोन्ही शिफ्टच्या वॉचमनना मी सांगितलं, नानांसारखा फोटो ठेवला. सामान लावताना माळ्यावर गेलेली जुनी पितळी नावाची पाटी काढली, आईने चिंचेने घासली आणि अकराव्याच्या दारावर लावली. डाव्या हाताला जुन्यासारखाच चपलांचा स्टँड. बाबा २ दाबायचे ते अजून दाबतात, पण वॉचमन लिफ्टपर्यंत येऊन ११ दाबून देतो. वर आले की पाटी वाचून आत येतात.

सेक्रेटरींना मात्र आईच भेटली, मला न सांगता. त्यांनी ऐकून घेतलं आणि आज पत्र पाठवलं. 'सदर ज्येष्ठ सदस्य आवारात एकटे फिरल्यास होणाऱ्या सर्व परिणामांची जबाबदारी कुटुंबाची राहील' अशी लेखी हमी द्यावी म्हणे. आई म्हणते, बघ, म्हणून सांगत नव्हते. सही करू का?

निवृत्त_रोखपाल
मुळीच नाही. हमीपत्र कुठल्या ठरावानुसार मागताय, एवढं विचारा. तुमच्याकडून फक्त माहितीचं पत्र द्या. आजार काय, संपर्क कुणाला, बाबा दिसले तर काय करायचं. पोच घ्या. शिक्क्यासकट.

स्पष्टवक्ती
बघा, मी म्हटलं होतं.

नेरूळचा_नाना
@स्पष्टवक्ती, पत्र कमिटीचं आलं. वॉचमन ११ दाबून देतोय ना? मी तेच म्हणत होतो. :)

कळवेकर
सेक्रेटरींना हेही ऐकवा. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की ६० च्या पुढच्या भारतीयांत साधारण ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे ८८ लाख माणसं. टॉवरमध्ये शंभर ज्येष्ठ असतील तर हिशोब त्यांनीच करावा. एकेकाचं हमीपत्र घेत बसणार का?

मेंदूचा_हमाल
पत्राची भाषा वाईट आहे, पण त्यातला एक प्रश्न खरा आहे. एकट्याने फिरणं कधीतरी थांबवावं लागेल. गेटच्या आत ठीक. रस्ता ओलांडताना गाडीचा अंदाज चुकतोय का, ओळखीच्या वळणावर थबकतात का, हे पंधरा दिवस मागे राहून बघा. खिशात फोन नंबर असलेलं कार्ड, शर्टाच्या आतल्या बाजूला शिवलं तर आणखी बरं. पत्ता लिहू नका, नंबर पुरे. आणि कधी सापडले नाहीत तर लगेच ११२. चोवीस तास थांबावं लागतं ही अफवा आहे. वृद्धांसाठी १४५६७ ही सरकारी एल्डरलाइनही आहे.

मानसी_वर्तकनगर
सही करत नाही. रोखपाल काका म्हणतात तसं पत्र आजच लिहिते. ग्रुपवर दादा लिहिणार नाही, आमच्या जुन्या शेजारच्या काकू लिहिणार आहेत. त्यांनी स्वतःहून विचारलं. भाऊ म्हणतो, ज्या स्थळाला चालणार नाही ते त्यालाही नकोच.

@रोखपाल काका, हयातीच्या दाखल्याला बोटांचे ठसे उमटतच नाहीत. कंपनीत केमिकल हाताळून बोटं गुळगुळीत झालीयत.

निवृत्त_रोखपाल
मोबाईलवर चेहरा दाखवून होतो आता. जीवन प्रमाणचं ॲप घ्या, सोबत आधारचं फेस ॲप. उजेडात बसवा, मागे भिंत मोकळी. नाहीच जमलं तर बँकेच्या किंवा पोस्टाच्या घरपोच सेवेला सांगा, माणूस घरी येतो.

घोडबंदर_त्रस्त
ते ॲप पापणी मिटा म्हणतं. आमचे बाबा मोबाईलला नमस्कार करतात. तीनदा केला.

प्राजक्ता_खारघर
समोर बसून आधी तुम्ही मिटा, ते बघून मिटतात. सकाळी करा, चहानंतर. संध्याकाळी प्रयत्नसुद्धा करू नका.